वाचनालयाची अलर्ट सेवा कशी सुरू करावी

बहुतेक वाचनालयांच्या दाराशी एक फळा असतो. 'नवीन दाखल पुस्तके', खाली पाच-सात नावं, कोपऱ्यात तारीख. तारीख बहुधा दोन महिन्यांपूर्वीची. फळ्याची अडचण ही की तो वाचायला आधी वाचनालयात यावं लागतं, आणि जो नेमाने येतो त्याला नवी पुस्तकं कपाटात तशीही दिसतातच. कळवायला हवं असतं ते न येणाऱ्याला. म्हणून अलर्ट सेवा.

ही कल्पना काही मोबाइलबरोबर आलेली नाही. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्येच मांडलं होतं की प्रत्येक वाचकाच्या गरजेची नोंद यंत्रात ठेवावी, नव्याने येणारा मजकूर त्या नोंदीशी ताडून पाहावा आणि ज्याचं त्याला तेवढंच पाठवावं. ग्रंथालयशास्त्रात याला एसडीआय (सिलेक्टिव्ह डिसेमिनेशन ऑफ इन्फर्मेशन, म्हणजे निवडक माहिती पोहोचवणं) म्हणतात. परीक्षेपुरतं ते सगळ्या ग्रंथपालांनी वाचलेलं असतं. तालुक्याच्या वाचनालयात एक ग्रंथपाल, एक लेखनिक, एक संगणक आणि एक मोबाइल एवढ्यावरही ते करता येतं. संगणक नसला तर नुसत्या मोबाइलवरही येतं, थोडं हळू.

आधी विचारा, मग पाठवा

सभासदत्वाच्या अर्जाला अर्ध्या पानाची पुरवणी जोडा. त्यात 'आपली आवड' असा रकाना मात्र ठेवू नका. लोक तिथे 'वाचन, संगीत' असं लिहून मोकळे होतात. त्याऐवजी विचारा: सध्या कशाच्या शोधात आहात? कोणती परीक्षा देताय? शेतात काय पीक आहे? घरात कोणत्या इयत्तेतली मुलं आहेत? उत्तरं चार शब्दांत येतात, पण तेवढी पुरतात.

त्याच कागदावर आणखी तीन गोष्टी घ्या: निरोप कशावर हवा (व्हॉट्सॲप, एसएमएस, ईमेल की फोन), किती वेळा चालेल, आणि निरोप पाठवायला सही करून संमती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही हाच आहे: माहिती कशासाठी घेतली ते सांगा, त्याच कामाला वापरा, आणि नको म्हटलं की थांबा. बालविभागाच्या सभासदांसाठी पालकांची संमती आणि पालकांचाच नंबर घ्या.

अर्ज जमले की विषयांच्या याद्या पाडा. पाच-सहा पुरे. स्पर्धा परीक्षा, शेती आणि सरकारी योजना, नवी ललित पुस्तकं, बालविभाग, दिवाळी अंक, आणि गावात कोणी खटपट करणारं असेल तर स्थानिक इतिहास. हौसेने वीस याद्या केल्यात तर पुढच्या महिन्यात त्यातल्या पंधरा रिकाम्या राहतील.

घरचे अलर्ट

पुस्तकाची मुदत संपत आली, मागणी नोंदवलेलं पुस्तक परत आलं, नवी खरेदी झाली, अमुक दिवशी वाचनालय बंद. यासाठी बाहेर शोधाशोध करावी लागत नाही, म्हणून सुरुवात इथून करावी. यातलं सगळ्यात दुर्लक्षित काम म्हणजे मागणीचं. सभासद येऊन नाव नोंदवून जातो, पुस्तक दहा दिवसांनी परत येतं, आणि दुसरंच कोणी ते घेऊन जातं. पुस्तक परत आल्या आल्या मागणी नोंदवही बघून एक फोन केला तर तो सभासद वर्गणी चुकवत नाही.

कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर निम्मं काम तेच करतं. न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि २००० साली वापरात आलेली ही मुक्त प्रणाली आहे. मुदतीआधी किती दिवस सूचना जावी हे तिच्यात सभासदागणिक ठरवता येतं, मुदत उलटल्यावर तीन टप्प्यांची स्मरणपत्रं लावता येतात, आणि चार पुस्तकांच्या चार सूचनांऐवजी एकच एकत्रित सूचनाही पाठवता येते. ही शेवटची सोय जरूर चालू करा. मात्र सूचना आपोआप जाण्यासाठी सर्व्हरवर ठरावीक वेळी चालणारी कामं लावून ठेवावी लागतात. 'कोहा आहे पण मेल जात नाहीत' अशी तक्रार आली की आधी तिथे बघावं.

बाहेरचे अलर्ट: गूगल अलर्ट्स नीट लावणं

खरी कसोटी इथे आहे. पहिली गोष्ट, वाचनालयाच्या नावाने वेगळं ईमेल खातं उघडा. ग्रंथपालाच्या स्वतःच्या खात्यावर सगळं लावलं की तो निवृत्त झाला त्या दिवशी सेवाही निवृत्त होते. पासवर्ड कार्यवाहांकडे बंद पाकिटात राहू द्या.

गूगल अलर्ट्समध्ये शब्द टाकला की त्या शब्दाचं नवं काही सापडल्यावर मेल येतो. नुसता 'नगर' टाकून बघा: नगरपालिका, नगरसेवक आणि महाराष्ट्रातलं प्रत्येक अमुकनगर तुमच्या दारात हजर. म्हणून दोन-तीन शब्दांचा नेमका समूह अवतरणचिन्हांत घाला, जसं "कांदा निर्यात" किंवा "पीक विमा". अवतरणचिन्हं नसतील तर कांदा एका ओळीत आणि निर्यात दहा ओळी खाली असलेली बातमीही येते.

आपल्याकडचा खास घोळ गावांच्या नावांचा. जिल्ह्याची जुनी आणि नवी अशी दोन्ही नावं लिहिणारे अजून बरेच आहेत, तेव्हा "उस्मानाबाद" आणि "धाराशिव" दोन्ही द्या, "अहमदनगर" आणि "अहिल्यानगर" दोन्ही द्या, मध्ये इंग्रजी ओ-आर ही कॅपिटल अक्षरं टाका. औरंगाबादची आणखी वेगळी गंमत आहे. त्या नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे, त्यामुळे शेवटी वजाचं चिन्ह जोडून बिहार लिहा, म्हणजे तिकडच्या निवडणुका इकडच्या वाचकाला कळणार नाहीत. 'एमपीएससी' देवनागरीत, रोमन लिपीत आणि 'लोकसेवा आयोग' अशी तिन्ही रूपं लावावी लागतात.

पर्याय उघडून वारंवारता 'दिवसातून एकदा' किंवा 'आठवड्यातून एकदा' ठेवा. 'घडेल तसं' हा पर्याय पत्रकारांसाठी ठीक आहे, ग्रंथपालाचा तो दिवस खातो. भाषा 'कोणतीही' ठेवा आणि शब्द देवनागरीत लिहा. आठवडाभर निकाल बघून शब्द दुरुस्त करा. पहिल्या झटक्यात कोणाचेच नीट बसत नाहीत.

पण गूगल अलर्टवर सगळी भिस्त ठेवू नका. सरकारी संकेतस्थळांवरच्या पीडीएफ त्यातून हमखास निसटतात. जिथे आरएसएस फीड (संकेतस्थळावर नवं काही आलं की आपोआप मिळणारी त्याची यादी) आहे तिथे फीड घ्या. पत्र सूचना कार्यालयाची आहे, रिझर्व्ह बँकेची आहे. फीड वाचायला फीडली किंवा इनोरीडरसारखं साधन लागतं, आणि सगळ्या फीड एकाच पानावर दिसतात. जिथे फीड नाही, त्या पानात बदल झाला की कळवणारी व्हिज्युअलपिंग किंवा डिस्टिलसारखी साधनं आहेत. तेही जड वाटत असेल तर सरळ जुनी पद्धत: लोकसेवा आयोग, शासन निर्णयांचं पान, महाडीबीटी (सरकारी योजनांच्या अर्जांचं संकेतस्थळ), आपल्या जिल्ह्याचं संकेतस्थळ असे चार-पाच दुवे ब्राउझरमध्ये साठवून रोज कुलूप उघडल्यावर एकदा बघायचे. माझ्या मते लहान वाचनालयाला हेच सगळ्यात खात्रीचं.

महाविद्यालयीन ग्रंथालयांची सोय मोठी आहे. गूगल स्कॉलर (शोधनिबंधांचा शोध), पबमेड (वैद्यकीय संशोधनाची सूची) आणि बहुतेक नियतकालिकांच्या प्रकाशकांकडे विषयाचे किंवा नव्या अंकाच्या अनुक्रमणिकेचे अलर्ट मोफत लावता येतात. प्राध्यापकांना ते एकदा शेजारी बसून लावून द्यावे. त्यांनी स्वतःहून लावण्याची वाट बघू नये.

चाळणी

येईल ते पुढे ढकलायचं असेल तर वाचनालय कशाला हवं? ते काम नातेवाइकांचे ग्रुप फुकटात करतातच. भरतीच्या नावाने फिरणाऱ्या खोट्या जाहिराती हा आपल्याकडचा मोठा धोका आहे. अभ्यासिकेत बसलेल्या मुलाने अशा जाहिरातीला फी भरली आणि निरोप वाचनालयाकडून आला होता असं निघालं, तर ते नाव पुन्हा सावरत नाही. तेव्हा मूळ जाहिरात खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः उघडून पाहिल्याशिवाय काही पाठवायचं नाही. शासन निर्णयावर सांकेतांक असतो, तो संकेतस्थळावर टाकून निर्णय खरा आहे का ते बघता येतं. केंद्र सरकारच्या नावाने काही फिरत असेल तर पत्र सूचना कार्यालयाच्या पीआयबी फॅक्ट चेकवर नजर टाका.

निरोप असा नको: 'महत्त्वाची भरती!! लवकर अर्ज करा!!' असा हवा: 'वनरक्षक भरती. अर्जाची शेवटची तारीख, शिक्षणाची अट आणि फी खाली. मूळ जाहिरात या दुव्यावर. छापील प्रत अभ्यासिकेच्या टेबलावर. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका कपाट क्रमांक ७.' शेवटची दोन वाक्यं फक्त वाचनालयच लिहू शकतं. योजना असो, बातमी असो, त्या विषयावरचं आपल्याकडचं पुस्तक कुठल्या कपाटात आहे हे प्रत्येक निरोपाला जोडा.

कशावरून पाठवायचं

व्हॉट्सॲप ग्रुप करू नका. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, कोणीतरी सुप्रभात सुरू करतं, दुसरा राजकारण काढतो, आणि पंधरवड्यात निम्मे लोक ग्रुप म्यूट करतात. ब्रॉडकास्ट यादी बरी. एका यादीत २५६ जण बसतात आणि कोणाला कोणाचा नंबर दिसत नाही. अट एकच, वाचनालयाचा नंबर ज्याने मोबाइलमध्ये जतन केलाय त्यालाच निरोप पोहोचतो. म्हणून अर्ज भरून घेतानाच, समोर बसवून, नंबर जतन करून घ्या. सर्वांसाठीच्या सूचनांना व्हॉट्सॲप चॅनेल चालतं, आणि परीक्षेची मुलं टेलिग्रामवर असतातच. ईमेल करताना सगळे पत्ते बीसीसीमध्ये टाका, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० च्या वर पत्त्यांना मेल जात नाही.

साध्या फोनवाल्यांसाठी एसएमएस. मराठी एसएमएस ७० चिन्हांचा, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडलेलं अक्षर हे सगळं वेगळं मोजलं जातं. 'पुस्तक' आपल्याला तीन अक्षरं दिसतात, मोबाइलला सहा. हा निरोप बघा:

'तुमच्याकडचं पुस्तक शनिवार 14 तारखेपर्यंत परत करावं. सार्वजनिक वाचनालय'

ही ६९ चिन्हं झाली. पुढे 'नमस्कार' जोडलात की दोन एसएमएसचे पैसे. कंपनीमार्फत घाऊक एसएमएस पाठवायचे असतील तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या नमुन्याची आधी नोंदणी करावी लागते. शे-दीडशे सभासदांसाठी ती खटपट परवडत नाही, वाचनालयाच्या मोबाइलवरून रोज थोडे थोडे पाठवावे. आणि ज्येष्ठ सभासदांना फोनच करा. आजोबांना निरोपापेक्षा दोन मिनिटं बोलणं आवडतं, शिवाय पुढचं पुस्तक कोणतं हवं तेही त्यातच कळतं.

कोणत्याही मार्गावर एक पथ्य पाळा: मुदत उलटलेल्यांची नावं चारचौघांत टाकायची नाहीत. कोण काय वाचतं तेही नाही. दिवाणखान्यात मोबाइल घरातल्या कोणाच्याही हातात असतो, त्यामुळे स्मरणपत्रात पुस्तकाचं नाव न घातलेलंच बरं.

किती आणि केव्हा

तातडीचे सोडले तर एका यादीला आठवड्याला एक निरोप. प्रत्येक निरोपाच्या शेवटी 'नको असल्यास थांबवा असं लिहून पाठवा', आणि कोणी तसं पाठवलं तर त्याच दिवशी नाव काढा. तातडीचं म्हणजे शेवटची तारीख जवळ आलेलं. एखाद्या मान्यवराची जयंती तातडीची नसते.

दिवाळी अंक योजना चालवत असाल तर चाचणी तिच्यावरच घ्या. यादी आयती, वर्गणी भरलेली, आणि सभासद उत्सुक. अंक येतील तसे दोन-तीन दिवसांनी एकत्र कळवा, कोणता अंक बाहेर गेलाय आणि कोणता जागेवर आहे तेही लिहा. पंधरा दिवसांत लेखनिकाचा हात बसतो, आणि सभासदांनाही वाचनालयाचा निरोप उघडून बघायची सवय लागते.

देवघेव नोंदवहीत एक रकाना वाढवा: 'निरोप बघून आले'. काउंटरवर विचारायचं आणि टिक करायची. तीन महिन्यांनी ज्या यादीच्या एकाही सभासदापुढे टिक नाही, त्यातल्या चार-पाच जणांना फोन करा. विषय नकोसा झाला असेल तर यादी बंद करा. पण बऱ्याचदा गडबड वेळेची असते. शेतीच्या यादीला सकाळी दहाला पाठवत असाल, तर महिनाभर रात्री आठला पाठवून बघा.