घरच्या घरी पॅलिएटिव्ह केअर: हिशेब आधी मांडा

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणारी काळजी. त्यासाठी पेशंटला घरी आणलं की खर्च संपला, असं अनेक कुटुंबांना वाटतं. बिल कमी होतं हे खरं, पण बराचसा भार घरच्यांच्या वेळेवर, झोपेवर आणि बुडालेल्या कमाईवर येतो. कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था. तिच्या 2013 च्या आढाव्यात असं दिसलं की घरपोच पॅलिएटिव्ह सेवा मिळाल्यास पेशंटने घरीच शेवटचा श्वास घेण्याची शक्यता दुपटीहून अधिक वाढते आणि त्रासही थोडा कमी होतो. पैसे वाचतात का, याचं ठाम उत्तर मात्र मिळालं नाही. म्हणून स्वतःचा हिशेब स्वतःच करायचा.

वहीत महिन्याच्या हिशेबासाठी चार रकाने आखा: औषधं, साहित्य, बाहेरची माणसं (डॉक्टर-नर्सच्या भेटी, रात्रीची आया) आणि घरच्यांची बुडणारी कमाई. चौथा रकाना बहुतेक जण सोडून देतात, आणि अनेकदा सगळ्यात मोठा तोच निघतो. अचानक एकदा ॲडमिट करावं लागेल, ती रक्कम वेगळी ठेवा. शेजारच्या पानावर हॉस्पिटलचा खर्च लिहा. त्यात तपासण्या, जाणं-येणं आणि सोबत थांबणाऱ्याचं खाणं-राहणंही धरा.

पलंग आणि हवेची गादी भाड्याने घ्या. गरज किती दिवसांची, हे कुणालाच ठाऊक नसतं. ऑक्सिजन मशीन मात्र धाप लागली म्हणून लगेच आणू नका. रक्तातला ऑक्सिजन पुरेसा असेल तर मशीनचा विशेष फायदा होत नाही. डोकं-पाठ उंच करून चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा झोत सोडला की पुष्कळदा बरं वाटतं. शेवटच्या दिवसांतल्या सलाइनचंही तसंच. भूक-तहान कमी होणं हा आजाराचाच भाग असतो, आणि जास्तीच्या पाण्याने सूज व घशातली घरघर वाढू शकते. त्याऐवजी दर दोन-तीन तासांनी ओल्या मऊ कापडाने तोंड आणि ओठ पुसा.

खरा फायदा-तोटा ठरतो तो दुखण्यावर. वेदना आटोक्यात नसतील तर घर आणि हॉस्पिटल सारखंच. मॉर्फिन हे तीव्र वेदनेवरचं औषध. त्याची साधी (हळूहळू सुटणारी नव्हे) गोळी साधारण चार तास टिकते, म्हणून ती घड्याळ लावून द्यायची. दुखेपर्यंत थांबलं तर वेदना पुढे जाते आणि औषध मागे पडतं. मधेच उसळलेल्या दुखण्यासाठी जादा डोस डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. तो बहुधा दिवसाच्या एकूण मात्रेचा सहावा भाग असतो: दिवसाला 30 मिग्रॅ चालू असेल तर 5 मिग्रॅ. प्रत्येक जादा डोसची वेळ वहीत टिपा, त्यावरूनच डॉक्टर पुढची मात्रा ठरवतात. सुरुवातीची गुंगी आणि मळमळ सहसा काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता ओसरत नाही. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या गोळीबरोबरच सुरू करा. हे राहिलं की पोट फुगतं, उलट्या होतात आणि टाळता आला असता असा दवाखान्याचा फेरा पडतो. सवय लागेल या भीतीने डोस चुकवू नका आणि मॉर्फिन एकदम बंदही करू नका. पेशंट उठवूनही नीट जागा होत नसेल, श्वास फार मंदावला असेल किंवा अंगाला झटके येत असतील तर डॉक्टरांना ताबडतोब फोन करा.

अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस साधारण दर दोन तासांनी बदला. माकडहाड, टाचा आणि खुबे रोज पाहा. लाली दाबूनही जात नसेल तर बेडसोअरची (पडून राहून होणाऱ्या जखमेची) ती सुरुवात आहे. टायरसारखी गोल उशी वापरू नका, कडेचा रक्तपुरवठा दबतो. जखमेला दुर्गंधी असेल तर डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडाझोल या जंतुनाशक औषधाच्या गोळीची पूड वर भुरभुरावी.

काही वेळा घरी थांबणं महागात पडतं. पाठीत नवं दुखणं आणि पायांत अशक्तपणा, किंवा लघवी अडणं, ही मणक्यावर दाब आल्याची खूण असू शकते. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, उशीर झाला तर पाय कायमचे जाऊ शकतात. केमो चालू असताना 38 अंश सेल्सिअस ताप आला तरी तेच.

रात्रीची पाळी दोघांत तरी वाटलेली हवी. एकाच माणसावर सगळं पडलं की तो आजारी पडतो आणि पेशंटला घाईने हलवावं लागतं, म्हणजे दोन्हीकडचा खर्च. वही दर आठवड्याला पुन्हा पाहा. रात्री फोन कुणाला करायचा आणि मृत्यूचा दाखला कोणते डॉक्टर देतील, हे आधीच विचारून पहिल्या पानावर लिहून ठेवा. उरलेलं मॉर्फिन घरात ठेवू नका. जिथून मिळालं तिथे परत द्या.