दारातले वडील धूसर की स्पष्ट? डेप्थ ऑफ फील्ड आणि चौकटीची रचना

मुलगी टेबलापाशी बसून पत्र वाचते आहे आणि तिच्या मागे दारात वडील येऊन उभे राहिले आहेत, असे दृश्य घ्या. वडील आल्याचे प्रेक्षकाला मुलीच्या आधी कळावे, तिच्याबरोबर कळावे की तिच्यानंतर, हे ठरल्याशिवाय लेन्सचे ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचे छिद्र) किती उघडायचे ते ठरवता येत नाही. नवशिक्यांचा क्रम बहुधा उलटा असतो. पार्श्वभूमी धूसर झाली की चित्र सिनेमासारखे दिसते, म्हणून ॲपर्चर पूर्ण उघडले जाते आणि वडिलांचा नुसता डाग उरतो.

कॅमेऱ्यापुढचा जेवढा पट्टा डोळ्याला स्पष्ट भासतो, तेवढी डेप्थ ऑफ फील्ड. फुलफ्रेम (36×24 मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 50 मिमीच्या लेन्सने 2 मीटरवरच्या चेहऱ्यावर फोकस केला, तर एफ/2 ला (एफचा आकडा जितका मोठा, तितके ॲपर्चर लहान) हा पट्टा जेमतेम 20 सेंटिमीटरचा असतो. मुलगी पत्रावर जरा वाकली तरी तिचे डोळे त्यातून निसटतात. एफ/8 ला तो सुमारे 80 सेंटिमीटर होतो, पण दार त्याच्याही पलीकडेच राहते. दोघेही स्पष्ट हवे असतील तर लेन्स बदलावी: 24 मिमी, एफ/8 आणि फोकस 2.4 मीटरवर ठेवला, तर साधारण 1.2 मीटरपासून अनंतापर्यंत सारे स्पष्ट दिसते. मात्र कॅमेरा जागचा न हलवता लेन्स बदलली, तर वडील पूर्वीच्या निम्म्याच आकाराचे दिसतात, म्हणून त्यांना दाराच्या चौकटीत आणि उजेडात उभे करावे.

याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. एफ/2 वरून एफ/8 वर जाणे म्हणजे चार स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो), अर्थात सोळापट प्रकाश लागतो. सेकंदाला 24 फ्रेम घेताना शटर 1/48 सेकंदाच्या आसपास ठेवावे लागते, नाहीतर हालचालीचा पोत बिघडतो. त्यामुळे दिवे वाढवणे किंवा आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) चढवून चित्रातले दाणे पत्करणे एवढेच उरते. भर उन्हात अडचण उलटी असते आणि तिथे तेवढेच चार स्टॉप कापणारा एनडी 1.2 फिल्टर (लेन्सपुढची गडद काच) लागतो. 1941 च्या ‘सिटिझन केन’ या चित्रपटातील खोल फोकससाठी (जवळचे-लांबचे सारे स्पष्ट) नावाजलेल्या छायाचित्रकार ग्रेग टोलंड यांनीही काही चौकटी एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून जुळवल्या होत्या, हे लक्षात असलेले बरे.

सगळेच स्पष्ट असते तेव्हा नजर कुठे जावी हे उजेड, आकार आणि हालचाल ठरवतात; मुलगी स्थिर असताना वडिलांनी दाराच्या कडीला हात लावला तरी पुरते. उलट, धूसर भागही रचनेतच मोजावा. मुलीच्या डोक्यामागे पेटलेला दिवा राहिला, तर धूसर होऊन तो आणखी मोठा व ठळक होतो आणि चेहऱ्यावरची नजर पळवतो. त्यासाठी मॉनिटरकडे डोळे बारीक करून पाहावे.

फोकस मुलीवरून वडिलांवर न्यायचा असेल, तर त्याला कारण हवे. तिची नजर पत्रावरून उठते तो क्षण मला सर्वांत योग्य वाटतो. केवळ संवाद बदलला म्हणून सरकणारा फोकस खटकतो. दोघांच्या जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखाव्यात, अंतरे टेपने मोजून फोकस रिंगवर खुणा कराव्यात, आणि एक टेक फोकस शेवटपर्यंत मुलीवरच ठेवून घ्यावा, म्हणजे वडील कधी दिसावेत याचा निर्णय संकलनाच्या टेबलावरही बदलता येतो.