रिसर्चचं काम व्हर्च्युअल मशीनवर कसं न्यायचं, स्टेप बाय स्टेप

लॅपटॉपवर सिम्युलेशन लावलं की पंखा घोंघावतो, ब्राउझर अडकतो, आणि रात्रभर चालू ठेवावं म्हटलं तर झाकण मिटल्याबरोबर सगळं झोपतं. मग कोणीतरी सांगतं व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) घे, पण घेऊन पुढे काय करायचं ते सांगत नाही.

व्हीएम म्हणजे एका मोठ्या सर्व्हरचे काही कोअर, थोडी रॅम, थोडी डिस्क तुमच्या नावाने काढून दिलेली, वर तुमची स्वतःची लिनक्स आणि रूट, म्हणजे पूर्ण ॲडमिन अधिकार, पण तुमच्याकडे. क्लस्टरवर, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या जोडलेल्या सर्व्हरवर, रूट मिळत नाही आणि स्लर्म या जॉब लावणाऱ्या प्रोग्रामच्या रांगेत थांबावं लागतं, पण काम एमपीआयने (अनेक मशीनवरच्या प्रोसेसना एकमेकांशी बोलायला लावणारी पद्धत) शेकडो कोअरवर पसरणारं असेल तर मुकाट्याने क्लस्टरवरच जा, व्हीएमच्या नादी लागू नका.

आधी साइझ ठरवा. इथे लोक डोळे मिटून सगळ्यात मोठं मशीन मागतात. रॅमचा हिशोब साधा आहे, ५०,००० ओळी आणि २०,००० कॉलमचं मॅट्रिक्स म्हणजे १०० कोटी आकडे, डबल प्रिसिजनमध्ये (दशांश आकडे साठवायची नेहमीची पद्धत) प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे नुसता डेटाच ८ जीबी, त्यात आर भाषा किंवा पायथॉनची पांडाज लायब्ररी मध्येच डेटाच्या कॉप्या करतात त्यामुळे तिप्पट तरी धरा. रॅम संपली की लिनक्सचा ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर तुमचा प्रोग्राम सरळ मारतो, स्क्रीनवर फक्त किल्ड एवढाच शब्द दिसतो आणि माणूस कोडमध्ये बग शोधत बसतो. कोअरचं मात्र उलटं, प्रोग्राम एकाच कोअरवर चालणारा असेल तर ३२ कोअर घेऊन ३१ नुसते बसून राहणार. आधी छोट्या मशीनवर डेटाचा तुकडा चालवा, एचटॉप उघडून रॅम आणि कोअर किती वापरले जातात ते बघा, मग मोठं मागा.

ओएससाठी उबुंटू या लिनक्सची एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट) आवृत्ती घ्या, तिला ५ वर्षं अपडेट मिळतात, पीएचडी तेवढ्यात आटपावी अशी आशा. लॉगिन एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनशी एन्क्रिप्टेड जोडणीने होतं, त्यासाठी एसएसएच की (पासवर्डऐवजी वापरायची किल्ली-फाइल) बनवा आणि पासवर्डने लॉगिन बंदच करा, कारण पब्लिक आयपी मिळाल्यावर थोड्याच वेळात बॉट पासवर्ड ठोकून बघायला लागतात, लॉग फाइल उघडली की दिसतंच. ज्युपिटरचा (ब्राउझरमध्ये चालणारी कोडची वही) पोर्ट सगळ्या जगाला उघडा ठेवू नका, एसएसएच टनेलमधून, म्हणजे त्याच एन्क्रिप्टेड जोडणीतून वापरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. व्हीएम कधीही उडवता आलं पाहिजे अशा बेताने मांडा. डेटा वेगळ्या व्हॉल्यूमवर (मशीनपासून सुटी करता येणारी डिस्क), कोड गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम), आणि जे काही इन्स्टॉल कराल ते हाताने टाइप करून विसरून न जाता एका स्क्रिप्टमध्ये लिहीत जा, पायथॉन असेल तर कोंडा या पॅकेज मॅनेजरची एन्व्हायर्नमेंट फाइल, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजची यादी, ठेवा व्हर्जन नंबरसकट. सहा महिन्यांनी रिव्ह्यूअरने एक आकृती पुन्हा काढायला सांगितली की याची किंमत कळते. स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची प्रत, घ्या, मोठं काही अपग्रेड करायच्या आधी तर घ्याच, पण त्याला बॅकअप समजू नका, बऱ्याच ठिकाणी तो त्याच स्टोरेजवर असतो आणि ते गेलं की दोन्ही गेलं. निकाल आरसिंक या फाइल कॉपी करणाऱ्या कमांडने दुसरीकडे नेत चला.

लांब चालणारं काम टीमक्समध्ये, म्हणजे जोडणी तुटली तरी टर्मिनल सेशन सर्व्हरवर जिवंत ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये लावा, म्हणजे वायफाय तुटलं तरी ते चालू राहतं, परत लॉगिन करून सेशन जोडायचं. तरी दर तासाला चेकपॉइंट, म्हणजे तोवरचं काम डिस्कवर, लिहायची सवय लावा, होस्ट, म्हणजे खालचा मोठा सर्व्हर, मेंटेनन्ससाठी रीबूट झाला तर टीमक्स काही वाचवत नाही. आणि डीएफ कमांडने डिस्क किती भरली ते बघत राहा, लॉग फाइल फुगून डिस्क भरली आणि जॉब मेला हे फार कॉमन आहे.

काम नसेल तेव्हा मशीन थांबवा, पण आतून शटडाउन केलं म्हणजे बिल थांबलं असं समजू नका. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर क्लाउडवर डीअलोकेट केल्याशिवाय, म्हणजे कोअर आणि रॅम परत दिल्याशिवाय, मीटर चालूच राहतो, आणि ॲमेझॉनच्या ईसी२ या व्हीएम सेवेवर स्टॉप केलं तरी जोडलेल्या ईबीएस डिस्कचे पैसे लागतातच. कायमचं डिलीट करण्याआधी होम फोल्डर एकदा उघडून बघा, टेम्प फोल्डरमध्ये आणि लोकल स्क्रॅच (तात्पुरत्या फाइलींच्या) डिस्कवर पण डोकवा, शेवटच्या रनचे निकाल नेमके तिथेच पडलेले असतात.