शाळेसाठी काही करायचंय? आधी इतिवृत्ताची वही मागा

झेडपीच्या शाळेसाठी काहीतरी करू या म्हटलं की गावात पहिला विषय निघतो रंगाचा. वर्गणी जमते, भिंतीवर बाराखडी आणि मोर येतो, फोटो ग्रुपवर पडतो. रंगाला माझी ना नाही. पण मी नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातली, माझी दोन्ही मुलं झेडपीत, आणि शाळा व्यवस्थापन समितीची मी अध्यक्ष. मला विचाराल तर वर्गणीच्या आधी समितीच्या बैठकांचं इतिवृत्त मागा.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक लागतात आणि निम्म्या महिला. कागदावर त्या असतातच. बऱ्याच ठिकाणी बैठक होतच नाही, वहीच घरोघर फिरते आणि बायका भाकरी थापता थापता सही करतात. सहीच्या आधी वर काय लिहिलंय ते वाचा. येत नसेल तर चौथीतल्या पोराला वाचायला लावा. त्यालाही जमलं नाही, तर पुढच्या बैठकीचा पहिला विषय आपसूक मिळाला.

बैठकीची वेळ ठरवताना द्राक्षबागेचं काम बघा. डिपिंग-थिनिंगच्या, म्हणजे घड औषधात बुडवायच्या आणि विरळ करायच्या दिवसांत सकाळी अकराला बोलावलं तर बाईचा रोज बुडतो, मग ती येणार कशी? संध्याकाळ ठेवली तर नाशिकहून येणारे शिक्षक अडकतात. आम्ही शनिवार धरलाय. त्या दिवशी शाळा सकाळची असते, परिपाठाच्या आधी अर्धा तास पुरतो.

पैशाचं विचारताना लाजू नका. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला पटानुसार संयुक्त शाळा अनुदान मिळतं. निकषाप्रमाणे ३१ ते १०० पटाला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. किती आले, कशावर गेले, हे बैठकीत वाचून दाखवायला सांगा. संशय म्हणून नव्हे. लाइटबिल, खडू, रजिस्टरं यातच बहुतेक संपतं, हे एकदा कळलं की मोठी कामं ग्रामपंचायतीकडे न्यायची असतात हेही कळतं. गावाचा पुढच्या वर्षाचा आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून आकार घेतो, २६ जानेवारीला जाऊन उपयोग नाही. अर्जात ‘सुविधा पुरवाव्यात’ असलं मोघम लिहू नका. ‘मुलींच्या शौचालयावर पाण्याची टाकी, नळ, आणि दाराला आतून कडी’ असं लिहा, समितीचा ठराव जोडा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

शिक्षक कमी असतील तर सरांशी भांडून काय होणार? कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक आहे. पट आणि भरलेली पदं लिहून केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. पालकांचा अर्ज जड पडतो, कारण आमची बदली होत नाही.

आता आमच्या भागाचा खरा विषय. हंगामात पेठ-सुरगाणा तालुक्यांकडून मजूर कुटुंबं बागांवर येतात. त्यांची सहा-सात वर्षांची पोरं झाडाला बांधलेली झोळी हलवत बसतात. ‘चार महिन्यांसाठी कशाला नाव घालायचं’ असं आपल्यातलेच म्हणतात, आणि हे म्हणणारे बागाईतदारच असतात, हे मला सोसत नाही. दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही आणि मूल वयाप्रमाणे वर्गात बसवायचं असतं, दोन्ही कायद्यातच आहे. तेव्हा सरांना किंवा बाईंना घेऊन बागेवर जा. पोरांच्या आईशी बायकांनीच बोलावं. धाकटं कुणाकडे ठेवायचं हा तिचा पहिला प्रश्न असतो, त्याचं उत्तर घेऊनच जा. आम्ही अंगणवाडीच्या ताईंना आधी विचारतो. दुपारी शाळेत खिचडी-भात मिळतो हेही सांगा.

तुम्ही पेठ-सुरगाण्याकडच्या समितीत असाल तर उलट बाजूने लागा. आजी-आजोबांकडे राहू शकणाऱ्या मुलांची यादी करून हंगामी वसतिगृहाची, म्हणजे आई-बाप बाहेर असताना मागे राहिलेल्या मुलांच्या गावातच जेवणा-अभ्यासाच्या सोयीची, मागणी ठरावात घ्या, माणसं छाटणीला निघायच्या आत. आणि बागाईतदार असाल तर मुकादमाशी मजुरीचं बोलतानाच विचारा, टोळीबरोबर शाळेच्या वयाची पोरं किती. नावं शाळेत आधीच कळवता येतात.