मॉनिटरचं पिल्लू आणलंय? मग या चुका टाळा (आणि नागपूरच्या उन्हाच्या भरवशावर राहू नका)

मॉनिटर म्हणजे घोरपड आणि तिच्या बाहेरदेशी जाती. आधी एक क्लिअर करून टाकू. धुऱ्यावर, विहिरीजवळ किंवा घराच्या मागे सापडलेलं घोरपडीचं पिल्लू "पाळायला" उचलून आणलं असेल तर पुढचं काही वाचू नका, वनविभागाच्या १९२६ हेल्पलाइनला फोन लावा, नाहीतर सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला (वन्यप्राण्यांवर उपचार करतात ते) कळवा. भारतात सापडणाऱ्या चारही जातीच्या घोरपडी वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये आहेत, तीन ते सात वर्षं आत जायची सोय आहे. "पण मी तर प्रेमाने पाळून राहिलो" हे तिथे चालत नाही. हे पुढचं सगळं बाहेरच्या जातींसाठी, म्हणजे आफ्रिकेतला सव्हाना आणि ऑस्ट्रेलियातला ॲकी. तेही कागदपत्रं असलेले, आणि घरी आणल्यापासून ३० दिवसांत पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद केलेले. विकणारा म्हणाला की "नोंद नंतर करू, काही होत नाही", तर त्याच्याकडून घेऊच नका, विषय संपला.

आता ती चूक, जी पाहून पाहून डोकं फिरतं. काचेचा फिशटँक, वर जाळी, खाली दोन बोटं बारीक रेती, कोपऱ्यात लाल बल्ब. हा अख्खा सेट दुकानदारच गळ्यात मारतो आणि वर सांगतो, "वाळवंटातला प्राणी आहे, पाणी कमीच लागते." सव्हाना वाळवंटातला नाही हो! घानामध्ये त्याची पिल्लं शेतातल्या मोठ्या रातकिड्यांच्या बिळात राहतात, आणि तेच रातकिडे खातात पण. म्हणजे वर कितीही ऊन असो, जनावर दिवसातला बराच वेळ मातीखाली, दमट गारव्यात असतं. आपण त्याला वरून बल्ब, वरूनच उघडी जाळी आणि खाली कोरडी रेती देतो, मग ते हळूहळू सुकतं. एका दिवसात काही दिसत नाही, म्हणून लोकांना वाटतं सगळं बरोबर चाललंय.

मनीष नगरच्या एका पोराचा फोन आला होता, भर मे महिन्यात. "भाऊ, हा खाऊन नाही राहिला, दिवसभर झोपून असते." गेलो बघायला. वरचाच सेट, डिट्टो. पिल्लाचे डोळे आत गेलेले, कमरेजवळची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची, आणि मागच्या पायाच्या बोटांना जुन्या कातेची कडी घट्ट आवळून बसलेली, दोन बोटांची टोकं काळी पडली होती. काचेवर चिकटवलेल्या पट्टीच्या थर्मामीटरवर ३८ दिसत होतं, म्हणून या महाशयांनी "लई गरम होते" म्हणून बल्बच बंद करून टाकलेला. मी माझी टेंपरेचर गन काढून मारली. बसायच्या दगडावर ४१, सगळ्यात गार कोपऱ्यात ३७. म्हणजे अन्न पचेल इतकं गरम काही नाही आणि पळून जावं असं गारही काही नाही, पूर्ण टँक एकसारखा उकडलेला.

मी काय केलं तर आधी टँकच बाजूला ठेवला. झाकणाचा मोठा प्लास्टिक डबा, बाजूला भोकं पाडलेली, त्यात ओली माती, आणि डबा घरातल्या सगळ्यात गार खोलीत, पण कूलरच्या थेट झोतात नाही. कोमट पाण्यात बसवलं, कात मऊ झाल्यावर कापसाने हळूहळू सोडवली (सुकी कात ओढायची नाही, सोबत नखं येतात). मग व्हेटकडे नेऊन फ्लुइड दिले. पाणी कमी पडलं की मॉनिटरच्या किडन्या जातात, युरिक ॲसिड साचून गाउट होतो, ते घरी पाणी पाजून सुटत नाही. याचं वाचलं, दोन नखं गेली फक्त. नंतर प्लायची पुढून उघडणारी पेटी केली, फूटभर माती टाकली, तर पहिल्याच रात्री ते मातीत घुसलं आणि दिसेचना. पोराचा पुन्हा फोन, "भाऊ, मेला का?" अरे बाबा, जगून राहिला तो, आता पहिल्यांदा नीट जगून राहिला.

मातीबद्दल. आपली काळी कापसाची माती टाकू नका, ओली असताना बोटांना लगदा चिकटतो, वाळली की भेगा पडतात आणि बीळ पिल्लासकट खचतं. मी नर्सरीतून साधी लाल माती घेतो, खत आणि औषध न मारलेली, विचारूनच घेतो, त्यात नदीची रेती. मुठीत दाबल्यावर गोळा राहिला पाहिजे पण पाणी गळायला नको. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे दुपारची हवा पापडासारखी कोरडी असते, तेव्हा वरून स्प्रे मारून काही होत नाही, एका कोपऱ्यातून तांब्याने पाणी सोडायचं म्हणजे खालचा थर ओला राहतो. पिल्लाला एक फूट खोली चालेल, मोठ्या सव्हानाला दोन फूट लागते.

दुसरी लाडकी चूक, "नागपुरात ४५ डिग्री असते, बल्ब कशाला?" हवेचं तापमान आणि बसायच्या जागेचं तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॉनिटरला बल्बखालच्या दगडाचा पृष्ठभाग ५५ ते ६० हवा, ॲकीला त्याहून थोडा जास्तच, आणि त्याच वेळी दुसरं टोक २५ ते २८. म्हणजे मे मध्ये बल्ब काढायचा नाही, खोली गार करायची. गार टोक ३५ च्या वर चाललं की पिल्लू जातं, आणि दुपारी लाइट गेली की कूलर पण जातो, म्हणून मी पेटी पश्चिमेच्या भिंतीला कधीच लावत नाही. डिसेंबर-जानेवारीत उलटं, रात्री पारा दहाच्या खाली जातो तेव्हा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर, पेटी २२ च्या खाली नको. बल्ब साधा हॅलोजन फ्लड घ्या, होल्डर चिनीमातीचाच घ्या, प्लास्टिकचा वितळतो. हॉट रॉक नावाची वस्तू (विजेवर तापणारा दगड) फेकून द्या, पोट भाजतं. आणि गन घ्या! हजारो रुपयांचं पिल्लू घेतात आणि गनसाठी कुरकुर करतात, मला हे कळतच नाही.

खाण्यात घाई करणाऱ्यांचा एक वेगळाच वर्ग आहे. व्हिडिओत कोणीतरी उंदीर खाऊ घालतो, याला पण तेच करायचं असतं, "लवकर मोठा होईल." सव्हाना मुळात किडे खाणारा, उंदरांवर वाढवला तर लठ्ठ होतो आणि लिव्हर जातं. पिल्लाला रोज रातकिडे, डुबिया (खाण्यासाठीच वाढवलेली झुरळं), त्यावर कॅल्शियमची पावडर. चिकन खिमा म्हणजे फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला, त्यावर ठेवलेल्या पिल्लाचा जबडा रबरासारखा होतो, पाय थरथरतात. घरातली झुरळं नकोत, कोणी कुठे काय फवारलंय माहीत नसतं.

यूव्हीबी ट्यूब (उन्हातले अतिनील किरण देणारी) काचेच्या वरून लावू नका, काच यूव्हीबी अडवते. ट्यूब पेटते म्हणून चालू आहे असं नाही, वर्षात बदला.

दोन पिल्लं एका पेटीत नको. शेपटी चावली गेली तर पालीसारखी परत येत नाही.

आल्या आल्या हातात घेऊन रील बनवू नका, पहिले दोन आठवडे फक्त पाणी, खाणं आणि लपायला जागा, दिसलं नाही तरी चालतं. विष्ठेची तपासणी मात्र याच काळात करून घ्या, रानातून पकडलेल्या सव्हानात जंत असतातच असं धरून चाला.

राहिली पेटी. "आत्ता छोटी, मग मोठी घेऊ" म्हणणाऱ्यांपैकी मोठी घेतलेले फार कमी पाहिले. सव्हाना तीन-चार फुटांचा होतो, त्याला आठ बाय चार फुटांची पेटी लागते, आणि पिल्लालाही मोठी पेटी चालते, फक्त लपायच्या जागा जास्त टाका. सुताराला सांगायच्या आधी फ्लॅटचं दार आणि जिना मोजून घ्या, तयार पेटी बहुतेक ठिकाणी वर चढत नाही, खोलीतच जोडायला लावा, आणि खालचा मजला असेल तर उत्तम, कारण दोन फूट ओल्या मातीचं वजन टनांत जातं.