मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस) या आजाराच्या रुग्णांसाठी व्हीलचेअर डिझाइन करायचीय? मग दुपारी चारनंतर जा

या कामात येऊ पाहणारी मुलं आधी विचारतात, कॅडचं, म्हणजे संगणकावर डिझाइन काढायचं, कुठलं सॉफ्टवेअर शिकू? कुठलंही शिका. सीईईडी ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देऊन एम.डेस. ही पदव्युत्तर पदवी करा, मेकॅनिकल इंजिनिअरिंगमधून या नाहीतर ऑक्युपेशनल थेरपी करून या, त्याने फारसं अडत नाही. अडतं ते आजार नीट समजून न घेतल्याने.

मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये प्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंच्या मायलिन या आवरणावरच हल्ला करते. निदान बहुधा विशी ते चाळिशीत होतं, बायकांमध्ये जास्त. म्हणजे खुर्चीत बसणारी बाई बऱ्याचदा नोकरी करणारी, लहान मुलं असलेली. आणि तिची ताकद एकसारखी नसते. सकाळी भिंतीला धरून चालेल, संध्याकाळी चाकं ढकलायचंही त्राण उरणार नाही.

म्हणून मापं घ्यायला तिच्या घरी दुपारी चारनंतर जा. टेप सकाळीही तेच आकडे दाखवेल, पण थकल्यावर धड कुठल्या बाजूला कलतं, कंबर किती पुढे घसरते, हे तेव्हाच दिसतं. उन्हाळ्यात तर जाच. अंगातली उष्णता जराशी वाढली तरी या आजाराची लक्षणं तात्पुरती बळावतात. श्रमानंतर रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्येच नोंदवलंय. आणि आपण देतो काय, तर काळं रेक्झिन! मे महिन्यात नागपुरात त्यावर तासभर बसून बघा.

ठाण्यातल्या एका ताईंनी फूटरेस्टला जुनी ओढणी बांधली होती. पाय थरथरायला लागला की टाच मागे सटकायची, ती ओढणीत अडायची. ब्रेकच्या दांडीवर प्लंबरकडून आणलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा चढवलेला. दांडी लांब झाली, त्यामुळे कमी जोर लावूनही ब्रेक लागायचा. "घेताना कुणी काही विचारलंच नाही हो," ताई म्हणाल्या. असा जुगाड दिसला की परवानगी घेऊन फोटो काढा, त्याचीही मापं घ्या. निम्मं ब्रीफ, म्हणजे डिझाइनमध्ये काय काय हवं त्याची यादी, तिथेच मिळतं.

आराम पडावा म्हणून नुसती पाठ मागे पाडायची सोय देऊ नका. त्यात मांडी आणि धडातला कोन उघडतो, अंग घसरून कातडी ओढली जाते, ताठर स्नायूंना स्पॅझम, म्हणजे पेटका, येऊ शकतो. अख्खी सीट मागे कलवणाऱ्या 'टिल्ट'मध्ये कोन तोच राहतो आणि बुडावरचा भार पाठीवर जातो. पण ही खुर्ची जड, रिक्षात घालून नेणं अवघड. रोज ऑफिसला जाणाऱ्यांना मी तरी हलकी, मागच्या चाकांचा एक्सल (आस) पुढेमागे सरकवता येणारी खुर्चीच सुचवेन. एक्सल पुढे घेतला की ढकलायला सोपं जातं, मात्र खुर्ची मागे उलटू शकते, म्हणून अँटी-टिपर, म्हणजे ती उलटू न देणारे मागचे आधार, हवेतच.

हात कापत असेल तर मोटरच्या खुर्चीत जॉयस्टिकची संवेदनशीलता कमी करून बघा. नजरही अधू असू शकते. फिकट डिस्प्ले नको.

शिकायला मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, चेन्नईत आयआयटी मद्रासचं आर२डी२ हे पुनर्वसनाच्या साधनांवर संशोधन करणारं केंद्र. रुग्णांशी ओळख हवी तर १९८५ पासून काम करणाऱ्या मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडियाकडे रीतसर विचारा. भेट लांबवू नका, बोलूनही थकवा येतो. आणि संडासाच्या दाराची रुंदी मोजल्याशिवाय निघू नका. जुन्या इमारतींत खुर्ची हमखास तिथेच अडते.