जवानाच्या अंगावरचा संगणक: थरारकथेतलं यंत्र आधी कागदावर चालवून बघा

वाचकाला यंत्राची अचाट शक्ती सहज पटते. त्याची बॅटरी कधीच संपत नाही, हे मात्र पटत नाही. सैन्याच्या अंगावरच्या संगणकावर थरारकथा लिहायची असेल, तर खलनायकाचं नाव ठरवण्याआधी विजेचा हिशेब मांडा.

हिशेब असा. डोळ्यासमोरचा डिस्प्ले ३ वॅट, प्रोसेसर ५, रेडिओ सरासरी ३, कॅमेरे २, बाकी सेन्सर १. एकूण १४ वॅट. बारा तासांची मोहीम म्हणजे १६८ वॅट-तास. लॅपटॉपच्या बॅटऱ्यांत वर्षानुवर्षे वापरला गेलेला १८६५० आकाराचा लिथियम-आयन सेल ३.६ व्होल्ट आणि ३ अँपिअर-तासांचा धरला, तर त्यात सुमारे १०.८ वॅट-तास मावतात. म्हणजे १६ सेल हवेत: चार सिरीजमध्ये, अशा चार रांगा पॅरललमध्ये. एका सेलचं वजन साधारण ४७ ग्रॅम, म्हणजे नुसते सेलच पाऊण किलोचे. वर खोकं, सर्किट आणि पाणी अडवणारं रबर आलं की किलोच्या पुढे. हे ओझं नायकाच्या शरीरावर नेमकं कुठे आहे, ते ठरवा. पाठीवर असेल तर तो उताणा झोपू शकत नाही, पोटावर असेल तर सरपटू शकत नाही. पुढची सगळी मारामारी या एका निर्णयावर बदलते.

आता हीच मोहीम सियाचीनला न्या. कडक थंडीत लिथियम-आयन सेलची क्षमता निम्म्यावर येऊ शकते. शून्याच्या खाली चार्जिंग केलं तर ॲनोडवर, म्हणजे सेलच्या ऋण टोकावर, लिथियमचा थर जमतो आणि पुढे आतल्या आत शॉर्टसर्किट होऊ शकतं. बर्फात सौर पॅनल पसरून चार्ज करणारा नायक म्हणूनच चुकीचा. सेल अंगाशी धरून आधी ऊब द्यावी लागते. ही माहिती परिच्छेदभर समजावत बसू नका, एखाद्या सुभेदाराच्या तोंडी घाला: ‘साहेब, बॅटरी बनियनच्या आत घ्या. बाहेर राहिली तर पहाटेपर्यंत टिकायची नाही.’ त्यावर कॅप्टनचं उत्तर ‘घेतली, सुभेदारसाहेब’ असंच येईल, कारण अधिकारीसुद्धा सुभेदाराला साहेबच म्हणतो.

उष्णतेचं गणित उलट्या बाजूने येतं. वापरलेले सगळे वॅट शेवटी उष्णता होतात. त्वचेला तासन् तास चिकटलेली वस्तू ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेली तर भाजण्याचा धोका असतो. राजस्थानातल्या मे महिन्यात हवाच त्या आकड्याला पोचते, मग प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि चित्र अडखळू लागतं. डोकं वळवल्यापासून चित्र वळेपर्यंत सुमारे २० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ गेला की अनेकांना मळमळायला लागतं. कल्पना म्हणून सोडून देऊ नका: अमेरिकी लष्कराने २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टशी डोळ्यासमोर डिस्प्ले असलेल्या अशाच चष्म्यांसाठी सुमारे २२ अब्ज डॉलरपर्यंतचा करार केला. पुढच्या चाचण्यांत सैनिकांना डोकेदुखी, डोळ्यांवर ताण आणि मळमळ जाणवली. ज्यांना त्रास झाला, त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणांना तो तीन तासांच्या आतच सुरू झाला. २०२५ मध्ये या कामाची सूत्रं अँड्युरिल कंपनीकडे गेली. जगातल्या सर्वांत श्रीमंत सैन्याच्या चष्म्याने जर ओकारी येत असेल, तर तुमच्या नायकालाही येऊ द्या. नेम धरताना आली तर प्रसंग आणखी चढेल.

कथेचा कणा मात्र दिशाज्ञानात आहे. जीपीएसचा सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो, की छोटा जॅमरही तो बुडवतो. जॅम झालं तर पडद्यावर जागाच दिसत नाही आणि नायक सावध होतो. बनावट सिग्नल पाठवला तर चुकीची जागा पूर्ण खात्रीने दिसते. थरारकथेसाठी या दोनांतला बनावट सिग्नलच घ्या. नायकाचा बचाव म्हणून बुटातला गतिसेन्सर द्या. त्याची चूक क्षणोक्षणी साचत जाते, पण प्रत्येक पावलाला तळवा जमिनीवर क्षणभर थांबतो, तेव्हा सॉफ्टवेअर वेग शून्य धरून चूक पुसतं. आता नायकाला जखमी करा आणि खेचरावर बसवा. पाय टेकतच नाही, चूक पुसली जात नाही, आणि अर्ध्या तासात नकाशावरचा ठिपका भलत्याच दरीत. असा प्रसंग यंत्राच्या स्वभावातून आपोआप निघतो.

शत्रूने माग काढावा कसा? ‘हॅकरने सिस्टीम तोडली’ हे वाक्य खोडून टाका. रेडिओवर बोललं की दोन ठिकाणच्या अँटेनांवर दिशा मिळते आणि दोन रेषा जिथे छेदतात तिथे तुमचा माणूस. म्हणून संदेश क्षणात पाठवायचा आणि लगेच जागा सोडायची. याहून साधी वाट म्हणजे मनगटावरचा फिटनेस बँड. स्ट्राव्हा या ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये धावणाऱ्यांच्या वाटांचा जागतिक नकाशा प्रसिद्ध केला आणि जानेवारी २०१८ मध्ये त्यात वाळवंटातल्या लष्करी तळांच्या फेऱ्या उजळलेल्या दिसल्या. कुणी काहीही तोडलं नव्हतं.

बारीक बिघाडांना मोठ्या स्फोटांपेक्षा जास्त जागा द्या. १९६१ मध्ये एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन या गणितज्ञांनी रूलेट या जुगारातल्या चाकाचा अंदाज सांगणारा संगणक अंगावर लपवून लास वेगासला नेला. एकाने बुटातल्या स्विचने वेळ मोजायची, दुसऱ्याच्या कानात उत्तर सुरांच्या रूपात यायचं. गणित बरोबर निघालं, पण कानाकडे जाणाऱ्या केसासारख्या तारा सारख्या तुटत राहिल्या. तुमच्या कथेतही कनेक्टरमध्ये चिखल जाऊ द्या, घामाने संपर्क गंजू द्या, मानेजवळची केबल वाकून वाकून तुटू द्या. यंत्रावर आयपी६७ हा पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा असेल, तर ते एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतं. नदी ओलांडायला एवढं पुरतं, विहिरीत रात्रभर लपायला नाही. आणि उष्णता टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याला खिडकीच्या काचेपलीकडचं दिसत नाही. ते दिसतं असं दाखवण्याची चूक छापील पुस्तकांतही आढळते.

ज्या मर्यादेवर शेवटची झटापट बेतलेली आहे, ती कथेच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात किरकोळ गैरसोय म्हणून दाखवून ठेवा. खऱ्या तुकड्यांच्या जागा आणि फ्रिक्वेन्सी वापरू नका, सगळं जाहीर माहितीतून रचा. मसुदा झाला की प्रत्येक प्रसंगाच्या समासात पेन्सिलने तीन आकडे लिहा: घड्याळाची वेळ, हवेचं तापमान, उरलेली बॅटरी. मध्ये चार्जिंगचा प्रसंग नसताना बॅटरीचा आकडा वाढलेला दिसला, तर ते प्रकरण पुन्हा लिहा.